पोळीचा भाव आणि पाव टक्का

सोलापूरहून डोंबिवलीला जाण्याला प्रवास म्हणायचं का, असं मला घरातच विचारलं गेलं. रात्री गाडीत बसायचं, पहाटे कल्याणला उतरायचं, यात लिहिण्यासारखं काय? लोक हिमाचलला जातात आणि लिहितात. मी ठाणे जिल्ह्यात पाच दिवस राहून आले. तिथे डोंगर दिसला, खाडी दिसली आणि बँकेच्या व्याजावर जगणाऱ्या सहा बायका भेटल्या. त्या हिमाचलात भेटल्या नसत्या.

जायचं कारण माझी थोरली बहीण, नलूताई. ती लग्न होऊन डोंबिवलीला गेली ती तिथलीच झाली. भाऊजी एमआयडीसीतल्या कारखान्यात होते. ते गेल्यावर त्यांच्या फंडाचे पैसे ताईने मुदत ठेवीत टाकले आणि त्या व्याजावर तिचं घर चालतं. त्या ठेवीची मुदत संपत होती. तिचा मुलगा मंदार म्हणत होता, "ते पैसे माझ्या घराच्या कर्जात भर आणि माझ्याकडे राहायला ये." ताईने मला फोन केला.

"तू हे व्याजाचं शिकवतेस ना कॉलेजात? मग ये आणि सांग, देऊ की नको."

"फोनवर सांगते. देऊ नकोस."

"फोनवर नको. सोमवारी दुपारपासून बँकेचे दर बदलणार म्हणतात. त्याआधी समोर बसून सांग."

मी ज्युनियर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. रजा शिल्लक होती. निघाले.

कल्याण, गुरुवार

कल्याणला उजाडता उजाडता उतरले. सोबत ताईसाठी कडक भाकऱ्यांचा गठ्ठा आणि शेंगाचटणी. स्टेशनबाहेर शेअरच्या रिक्षात मागे तिघे बसतात. आमच्याकडेही बसतात, पण आमच्याकडे तिसरा माणूस बसताना विचारतो. इथला तिसरा माझ्या पिशवीवरच बसला. पत्री पुलाच्या खड्ड्यात तो उडाला आणि पुन्हा पिशवीवर आला, तेव्हा आतून कुरकुर आवाज झाला.

"काय होतं हो त्यात?" त्याने विचारलं.

"भाकरी होती."

"पापडासारखा आवाज आला!" असं म्हणून त्याने ठाकुर्लीपर्यंत मला डोंबिवलीतल्या चांगल्या पापडवाल्यांची नावं सांगितली.

ताईने गठ्ठा उघडून बघितला आणि त्या चुऱ्याला फोडणी दिली. नाश्ता झाला.

डोंबिवलीत मला दर वेळी नवल वाटतं ते पोळी-भाजी केंद्रांचं. प्रत्येक गल्लीत एक असतं. चांगल्या घरातली माणसं संध्याकाळी रांगेत उभी राहून मोजून पोळ्या घेतात. सोलापुरात आम्हीही भाकरी विकत घेतो, पण ती कडक भाकरी, महिनाभर टिकणारी. दुसऱ्याच्या हातची पोळी त्याच संध्याकाळी खायची, ही डोंबिवलीची रीत. नोकरी करून थकून येणाऱ्या बायकांनी ती पाडली आणि मला ती पटते.

ताई तीन पोळ्या आणते. एक दुपारची, दोन रात्रीच्या.

"चार आणायचीस ना पूर्वी?" मी विचारलं.

"एक रुपया वाढला आणि पोळी लहान झाली. मग मी म्हटलं, तू लहान होतेस ना, मग मीही कमी आणते."

ही ताईची भाववाढविरोधी मोहीम. पोळीवालीवर तिचा काडीचा परिणाम झालेला नाही.

पॉलिसीचा दिवस, शुक्रवार

मी गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी भिशी आहे हे मला ठाऊक नव्हतं. ताईच्या भिशीत सहा जणी आहेत आणि ती दर दोन महिन्यांनी भरते, पतधोरण जाहीर होतं त्या दिवशी. सकाळी साडेनऊला ताईच्या घरी साबुदाण्याची खिचडी, ताक आणि टीव्ही. दहाला मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर पडद्यावर येतात. त्याआधी फोनचे आवाज बंद होतात. क्रिकेटच्या मॅचलाही मी इतकी शिस्त बघितलेली नाही.

"यंदा रंग बरा नाही," निवृत्त टेलिफोन ऑपरेटर शेवडेबाई म्हणाल्या. "घसा खाकरून सुरुवात केली की कमी करतात."

"मागच्या वेळी पण खाकरले होते, काय केलं नाय," भोईरबाई म्हणाल्या. त्या इथल्या मूळच्या. जमीन गेली तिचे पैसे बँकेत आहेत. भिशीतली सगळ्यात मोठी ठेव त्यांची आणि सगळ्यात साधी साडीही त्यांचीच.

गव्हर्नरांनी पाव टक्का कमी केला.

शेवडेबाईंनी खिचडीची ताटली खाली ठेवली.

"यांचं काय जातंय गो पाव टक्का बोलायला!" भोईरबाई म्हणाल्या.

मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या, कारण ताईने त्यांना सांगून ठेवलं होतं. मी वर्गात सांगते तेच सांगितलं. मध्यवर्ती बँक इतर बँकांना ज्या दराने उसने पैसे देते तो रेपो दर. तो कमी केला की बँकांना पैसा स्वस्त मिळतो, त्या कर्ज स्वस्त करतात, लोक घरं-गाड्या घेतात, कारखाने चालतात. भाव फार चढायला लागले की उलट करायचं, दर वाढवून लोकांचा हात आखडायचा. फळ्यावर मी दराच्या खाली दोन बाण काढते. एक कर्जाकडे जातो, एक ठेवीकडे. दोन्ही बाण एकदमच खाली येतात.

"म्हणजे दुसऱ्या बाणाच्या टोकावर आम्ही," शेवडेबाई म्हणाल्या.

"हो."

"आणि पहिल्या बाणाच्या टोकावर?"

"माझा मंदार," ताई म्हणाली.



"आमच्या वेळी बारा टक्के मिळायचे," शेवडेबाई म्हणाल्या. "ते दिवस चांगले होते."

मी विचारलं, "तेव्हा भाव दर वर्षी किती वाढत होते, आठवतं?"

"ते कोण लक्षात ठेवतं! पासबुकावर बारा दिसायचे ना."

पाठ्यपुस्तकात याला नाममात्र दर म्हणतात. मी वर्गात छापील दर म्हणते, कारण तो पावतीवर छापलेला असतो. त्यातून महागाई वजा केली की हातात राहतो तो खरा दर, आणि तो कुठेच छापत नाहीत. बँकेने सहा दिले आणि भाव सहाने वाढले, तर वर्षभर पैसे ठेवून तुम्ही जागच्या जागीच. बारा दिले आणि भाव तेराने वाढले, तर बारा बघून खूश होत तुम्ही मागे गेलात. मी हे सांगितलं. कुणाला फारसं आवडलं नाही.

"म्हणजे पावणेसात मिळतात, पण पोळी त्याहून जास्त वाढली, तर मी पोळीवालीला वर पैसे देतेय," ताई म्हणाली.

"पोळीपुरतं, हो."

"मग देशाची महागाई मोजताना पोळी मोजतात का?"

"खूप गोष्टी मोजतात. टीव्ही, कपडे, गाडीचं तेल, धान्य."

"मी टीव्ही दर महिन्याला घेत नाही," ताई म्हणाली.

याला उत्तर आहे. पण ते लांब होतं आणि ताक गरम होत होतं.

घोडबंदर रोड, शनिवार

मंदार गाडी घेऊन आला. ताई आली नाही. "तुझ्या मावशीला बघून येऊ दे," म्हणाली आणि दार लावून घेतलं. मायलेक भांडत नव्हते, पण एकमेकांशी फक्त औषधं आणि हवामान यांवर बोलत होते. आमच्या घराण्यात तो भांडणाच्या पुढचा टप्पा असतो.

डोंबिवली पश्चिमेहून मोठागावच्या पुलाने खाडी ओलांडली. पूल नवा आहे, खाली पाणी मातकट आणि रुंद, दोन होड्या, काठाला खारफुटी. सोलापूरच्या माणसाला एवढं पाणी नुसतं पडून राहिलेलं बघवत नाही. पलीकडे माणकोलीची गोदामं, पत्र्याचे डोंगरच्या डोंगर. मग नाशिकचा रस्ता, माजिवडा आणि त्यानंतर आम्ही थांबलो ते थांबलोच. घोडबंदर रोडवर चालत जाणारी एक म्हातारी बाई आम्हाला दोनदा मागे टाकून गेली.

"रोज असंच?" मी विचारलं.

"आज शनिवार आहे म्हणून बरं आहे," मंदार म्हणाला.

त्याचं घर बाविसाव्या मजल्यावर. गॅलरीतून एका बाजूला येऊरचा डोंगर, दुसऱ्या बाजूला कोलशेतच्या दिशेला खाडीची पट्टी, टॉवरांच्या फटीतून. घर खरोखर चांगलं आहे. ताईसाठी ठेवलेली खोली उजेडाची आहे. सध्या तिथे सायकल आणि व्यायामाची चटई आहे. मंदारची बायको रेवती नौपाड्यातल्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. ती बोलते कमी आणि तिच्या हातची कढी फार चांगली होते.

जेवताना मंदारने त्याची बाजू मांडली. ती वाईट नव्हती.

"आईला बँक पावणेसात देते. माझ्याकडून माझी बँक सव्वाआठ घेते. दोघं एकाच घरातली माणसं, आणि मधले पैसे बँकेला. वर आता दर आणखी उतरतील, तिचे सहाही राहणार नाहीत. मग तिने ते पैसे माझ्या कर्जात घातले, तर सव्वाआठ वाचले की नाही?"

"तुझे वाचले. ती खाणार काय?"

"माझ्याकडे राहील ना ती! मी काय जेवायला घालणार नाही?"

"आणि डोंबिवलीचं घर?"

"भाड्याने देऊ. अगं मावशी, आणि मला टेन्शन नाहीये कर्जाचं. मध्ये दर कसले चढले होते! ऑफिसात सगळे रडत होते. माझा हप्ता एका रुपयाने वाढला नाही. तेव्हा जेवढा होता तेवढाच आज."

हे तो अभिमानाने म्हणाला. मी शिक्षिका असल्यामुळे मला लगेच पुढचा प्रश्न सुचला, पण रेवतीने तो आधी विचारला.

"मावशी, याला विचारा, कर्ज कधी फिटणार."

"वीस वर्षांचं घेतलं. मी साठचा होईन तेव्हा."

"सदुसष्टचा," रेवती म्हणाली. तिने त्याला कढी वाढली. "मी बँकेत फोन करून विचारलं होतं. तुला सांगितलंही होतं. तू म्हणालास, हप्ता वाढलाय का, नाही ना, मग झालं."



यात बँकेची लबाडी नाही. दर चढला की दोनच गोष्टी होऊ शकतात. हप्ता वाढतो किंवा वर्षं वाढतात. माणूस हप्ता वाढला की आरडाओरड करतो आणि वर्षं वाढली की करत नाही, म्हणून वर्षं वाढवतात. पत्र येतं, ते कुणी उघडत नाही. घोडबंदर रोडवरच्या त्या टॉवरांमध्ये असे किती हप्ते एका जागी स्थिर बसले असतील आणि त्यांची शेपटं किती लांबली असतील, देव जाणे. ताई पावतीवरचा आकडा बघते, तिचा मुलगा हप्त्याचा आकडा बघतो. आकडा हलला नाही की दोघांनाही वाटतं काही झालेलं नाही. रक्ताचं नातं याहून स्पष्ट मी पाहिलेलं नाही.

"सात वर्षं?" मंदार म्हणाला.

"आता दर उतरतायत, थोडी कमी होतील," मी म्हटलं. "आणि तू हप्ता स्वतःहून वाढवून घेतलास तर बरीच कमी होतील. दुसरी गाडी आहे ना खाली?"

"ती माझी आहे," रेवती म्हणाली, "आणि मी ती विकायला तयार आहे. या रस्त्यावर ती चालतच नाही. पण आईंच्या सगळ्या पैशांना हात लावायचा नाही, हे मी दिवाळीपासून सांगतेय."

मंदार गॅलरीत गेला. नंतर आत येऊन त्याने विचारलं, "आईला यातलं काय सांगणार तू?"

"सगळं."

नौपाडा, रविवार

डोंबिवलीची माणसं घोडबंदरला जात नाहीत आणि घोडबंदरची डोंबिवलीला, तेव्हा दोघं ठाण्यात भेटतात. नौपाडा त्यासाठी सोयीचा आहे. जुन्या इमारती, खाली दुकानं, वर डॉक्टर, आणि चालता येईल असे रस्ते. रेवतीने एका मिसळीच्या दुकानात टेबल धरून ठेवलं होतं. ठाण्याची मिसळ तिखट असते असं इथले लोक सांगतात. सोलापूरकरांनी त्यावर मत देऊ नये.

रिक्षातून उतरायच्या आत मी ताईला सगळं सांगितलं होतं. सात वर्षं, हप्ता, गाडी. माझा सल्लाही पुन्हा सांगितला होता: एक रुपया देऊ नकोस, उद्या सकाळी जाऊन सगळी ठेव जुन्या दराने पुन्हा कर. ताईने ऐकून घेतलं होतं. ती ऐकून घेते तेव्हा ती ऐकणार नसते.

मिसळ आली. ताईने पाव तोडला.

"तुझी बँक तुझ्याकडून किती घेते रे?"

"सव्वाआठ. पण आई, मला ते पैसे नकोत आता. मावशीने..."

"माझी मला पावणेसात देते. मधले दीड टक्के कुणाचे?"

"बँकेचे."

"का? तिने तुला जन्म दिलाय?"

शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ आमच्याकडे बघायला लागले.

"अर्धे देते," ताई म्हणाली. "उरलेले अर्धे उद्या पुन्हा ठेवीत. ते माझ्या दुखण्याखुपण्याचे, त्याबद्दल कुणी विचारायचं नाही. तुला अर्धे दिले ते दान नाही. दर एक तारखेला व्याज द्यायचं. साडेसात. तुझा पाऊण टक्का वाचला, मला पाऊण जास्त मिळाला."

मंदार माझ्याकडे बघत राहिला. मला हे सुचलं नव्हतं, हे इथे नमूद करते. माझ्यापुढे दोनच उत्तरं होती, हो आणि नाही.

"आणि मुद्दल?" मी विचारलं.

"ती गाडी विकून जो हप्ता वाढवणार होता, त्यातला काही भाग मला. वर्षाला थोडं थोडं."

"कागद करा," मी म्हटलं.

"मावशी! आईशी कागद?" मंदारला लागलं.

"बँकेशी केलास ना जाडजूड?" ताई म्हणाली. "आणि दर कायमचा नाही. दर दोन महिन्यांनी भिशी असते, पॉलिसीच्या दिवशी. तू यायचंस. आम्ही सहा जणी पोळीचा भाव बघून ठरवू. पोळी वाढली तर दर वाढेल. नाही वाढली तर नाही. वाढून वाढून तुझ्या बँकेच्या दरापर्यंत, त्याच्या पुढे नाही."

"सहा जणी ठरवणार?"

"मध्यवर्ती बँकेतही सहाच जण ठरवतात," मी सांगितलं, कारण ते खरं आहे.

रेवतीने पावाची ताटली मंदारकडे सरकवली. ती म्हणाली, "आई, शुक्रवारी दहाला त्याची मीटिंग असते."

"मग त्याने त्याच्या मीटिंगला सांगावं, आईकडे पतधोरण आहे."

"आणि राहायला?" मंदारने विचारलं. आवाज जरा वेगळा होता.

"तुझ्या बाविसाव्या मजल्यावर मला पोळी कोण आणून देतं?" ताई म्हणाली. मग त्याच्या ताटलीतली उरलेली शेव तिने आपल्या ताटलीत घेतली. "उन्हाळ्यात येईन महिनाभर. खोलीतली सायकल काढ."

सोमवारी सकाळी बँक उघडताना आम्ही दारात होतो. आमच्या पुढे शेवडेबाई होत्या. अर्धी ठेव जुन्या दराने पुन्हा झाली, अर्ध्याचा चेक मंदारच्या नावाने निघाला. कागद रेवतीने करून आणला, दोन प्रतींत. मला अजूनही वाटतं की ताईने काहीच द्यायला नको होतं. घरातल्या माणसाकडून व्याज वसूल करणं हे बँकेपेक्षा अवघड काम आहे. त्या रात्री कल्याणहून गाडी पकडली. जाताना ताईने पोळ्या दिल्या, सहा. गाडीत बघितलं तर खरोखर लहान होत्या.

सोलापूर, दोन महिन्यांनी

पुढच्या पतधोरणाच्या दिवशी मी स्टाफरूममध्ये होते. मध्यवर्ती बँकेने दर आहे तसाच ठेवला होता. अर्ध्या तासाने ताईचा फोन आला.

"आम्ही पाव टक्का वाढवला," ती म्हणाली. "पोळी रुपयाने वाढली. एकमताने."

मागून मंदारचा आवाज आला आणि फोन त्याच्या हातात गेला.

"मावशी, हा अन्याय आहे. टीव्हीवर आत्ताच सांगितलं, देशात महागाई कमी झालीय. मग दर वाढवायचा कशाला? तू सांग हिला, तू शिकवतेस!"

मी उत्तर द्यायच्या आत भोईरबाईंचा आवाज आला, अगदी फोनजवळ.

"देशात झाली असंल. आमच्या गल्लीत नाय झाली. तू खिचडी खा."

"ऐकलंस?" मंदार म्हणाला. "आता अपील कुणाकडे करू?"

"पुढच्या पॉलिसीला कर," मी म्हटलं. "तिथे जाऊनच करावं लागतं."

"ते कळलं मला," तो म्हणाला. मग तोंडात घास असल्यासारखा त्याचा आवाज आला, आणि मी फोन ठेवला.